जहाजातून उतरलो, पण डुलणं थांबत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझ, फेरी, मालवाहू जहाज किंवा मासेमारीची बोट, प्रवास कोणताही असो, जमिनीवर आल्यानंतर ज्यांचा तोल लवकर जागेवर येत नाही त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. ४८ तासांहून जास्त टिकणाऱ्या डुलण्याला पुढे सगळीकडे एमडीडीएस म्हटलं आहे (प्रश्न २). चक्कर आत्ताच अचानक सुरू झाली असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. कालच बोटीवरून उतरलो. अजून खोली डुलतेय असं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

हो. समुद्रावर काही तास किंवा काही दिवस काढलेल्या बऱ्याच जणांना असं होतं, मुरलेल्या खलाशांनाही. आंघोळ करताना डोळे मिटले, बेसिनवर वाकलं किंवा अंधारात अंथरुणावर पाठ टेकली, की हेलकावे जास्त जाणवतात. चालता-बोलता विसर पडतो, नुसतं उभं राहिलं की पुन्हा सुरू. सहसा काही तासांत, फार तर ४८ तासांत हे आपोआप ओसरतं. औषधाची गरज नसते. पुरेशी झोप, पाणी आणि भरपूर चालणं एवढं बास.

२. चार दिवस झाले तरी थांबलेलं नाही. आता याला आजार म्हणायचं का?

४८ तास उलटूनही डुलणं टिकलं, तर विचार करावा लागतो तो माल द देबार्कमाँ सिंड्रोमचा, म्हणजे ‘जहाजातून उतरल्यावरच्या त्रासा’चा. डॉक्टर त्याला थोडक्यात एमडीडीएस म्हणतात. तोल आणि चक्कर या विषयावर काम करणाऱ्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये त्याचे निकष पक्के केले. डुलणं, झुलणं किंवा वर-खाली होणं (गरगरणं नव्हे) सतत किंवा दिवसाचा बहुतेक वेळ असलं पाहिजे. प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झालेलं असलं पाहिजे आणि ४८ तासांहून जास्त टिकलेलं असलं पाहिजे. वाहनात बसल्यावर ते तात्पुरतं कमी व्हायला हवं. आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने त्याचा उलगडा जास्त चांगला होत नसावा.

महिन्याच्या आत थांबलं तर ते तात्पुरतं, महिन्यापलीकडे गेलं तर चिवट, असं धरतात. चौथ्या दिवशी यांतला कोणता प्रकार ते ठरलेलं नसतं, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका आणि चार डॉक्टरही पालथे घालू नका. पहिले काही आठवडे नीट हाताळणं (प्रश्न ११) आणि दुसरं काही नाही याची खात्री करणं (प्रश्न ५ आणि ६), ही दोन कामं पुरेशी आहेत.

३. मला प्रवासात बोट अजिबात लागली नाही. मग उतरल्यावर हे कसं?

बोट लागणं हा वेगळा प्रकार आहे. मळमळ, ओकारी, घाम, चेहरा पांढरा पडणं हे सगळं जहाज हलत असताना होतं आणि हलणं थांबलं की कमी होतं. एमडीडीएस नेमका उलटा, हलणं थांबल्यावर सुरू होतो. त्यात मळमळ फारशी नसते, उलटी तर क्वचितच. प्रवासात ठणठणीत असलेल्यांनाही तो होतो, किंबहुना ज्यांचं शरीर जहाजाच्या हालचालीशी चटकन जुळलं त्यांनाही. म्हणूनच बोट लागण्यावरच्या गोळ्या इथे निरुपयोगी ठरतात (प्रश्न ९).

४. मुळात हे होतं तरी कशामुळे?

जहाजाचे मोठे हेलकावे संथ असतात. साधारण पाच सेकंदांना एक, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपासची हालचाल माणसाला सर्वात जास्त बाधते. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे आणि पायांच्या सांध्यांकडून येणारे संदेश मेंदू एकत्र करतो. समुद्रावर हे तिन्ही एका तालात हलत असतात, म्हणून मेंदू तो ताल गृहीत धरून आधीच त्याची वजाबाकी करू लागतो. त्यामुळेच तिसऱ्या दिवशी डेकवर सरळ चालता येतं. जमिनीवर आल्यावर ही वजाबाकी थांबायला हवी. नवा चष्मा लावला की दोन दिवस पायरी वर-खाली दिसते आणि मग डोळा बसतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की एमडीडीएसमध्ये चष्मा उतरवल्यावरही मेंदू तो घातल्यासारखाच वागत राहतो.

कान चांगला असतो, कानाकडून आलेल्या माहितीचा मेंदूत लावला जाणारा हिशेब अडकलेला असतो. काही रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय हे दाखवणारी तपासणी) मेंदूतल्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागाचं काम वाढलेलं दिसलं आहे. दिशा आणि जागा यांचं भान ठेवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. मात्र रोजच्या तपासणीत उपयोगी पडेल अशी खूण ती नव्हे.

५. गाडीत बसलं की एकदम बरं वाटतं, उतरलं की परत चालू. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. हा दुसरा कुठला आजार तर नाही ना?

तुम्ही जे सांगितलंत तीच या त्रासाची सर्वात मोठी खूण आहे. चक्कर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या आजारात गाडीत बसणं त्रासदायक ठरतं. एमडीडीएसमध्ये मात्र गाडी चालू असेपर्यंत सुटका असते. सिग्नलला थांबलं की डुलणं हळूच परत येतं आणि उतरल्यावर काही वेळ आधीपेक्षा जास्त वाटतं. डॉक्टरकडे जाताना एकच वाक्य सांगायचं असेल तर हेच सांगा, कारण बऱ्याचदा ते आपणहून विचारलं जात नाही.

आता बाकीचे आजार. कूस बदलताना, वर पाहताना किंवा अंथरुणातून उठताना खोली गरकन फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, तर ते कानातले खडे सरकल्याचं (बीपीपीव्ही) लक्षण. डिक्स-हॉलपाइक चाचणीत ते ओळखता येतं आणि एप्ली पद्धतीने डोकं फिरवून खडे जागेवर आणले की बहुतेकदा एक-दोन बैठकींत काम होतं. जहाजावर आठवडाभर आडवं पडून राहिलेल्यांना हे होऊ शकतं, त्यामुळे चाचणी टाळू नका.

चक्कर पाच मिनिटं ते तीन दिवस अशी झटक्याझटक्याने येते, सोबत डोकेदुखी, उजेड किंवा आवाज सहन न होणं, तर मायग्रेनची चक्कर. वीस मिनिटं ते बारा तास गरगरणं आणि एकाच कानात दडा, घुमणं, ऐकू कमी येणं, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. काही तासांतच जोराची गरगर, उलट्या, चालताना एका बाजूला झोक आणि दिवसेंदिवस असंच, तर तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते. हे शेवटचं लवकर दाखवायला हवं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती पीपीपीडीशी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, उभं राहिल्यावर, चालल्यावर आणि गर्दी-गजबजाट पाहिल्यावर वाढणाऱ्या अस्थिरतेशी. तिथेही डुलल्यासारखं वाटतं, पण वाहनात बसून आराम पडत नाही, उलट त्रास वाढतो. एमडीडीएसवर काळजीची भर पडून पुढे पीपीपीडीही सुरू होऊ शकतो. म्हणून एकाचं निदान झालं म्हणजे दुसरं नाहीच, असं धरू नये.

आणि एक साधी गोष्ट सुटू नये. प्रवासात उलट्या झाल्या असतील, खाणं-पिणं कमी झालं असेल, तर उठल्यावर येणारी भोवळ नुसती पाणी आणि मीठ कमी पडल्याचीही असू शकते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर आधी त्याकडे बघा.

६. ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर थेट तातडीच्या विभागात जा: एकाच्या जागी दोन दिसणं, जीभ जड होणं, चेहरा एका बाजूला ओघळणं, हात किंवा पाय लुळा वाटणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, कधी नव्हे अशी अचानक डोकेदुखी, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात कधी कधी फक्त चक्कर आणि तोल जाण्यानेच सुरू होतो, आणि ‘परवाच जहाजातून आलो’ या एका वाक्याने तो नजरेआड होऊ शकतो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. त्यावरचे स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा, दोन आठवड्यांनंतर तो फार घटतो. प्रवासात स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर प्रश्न १७ आत्ताच वाचा.

७. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, आणि काय काय सांगायचं?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. शक्य असेल तर यांपैकी चक्करचे रुग्ण नेहमी बघणारा. जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: प्रवास किती दिवसांचा होता, कोणत्या तारखेला उतरलात, डुलणं उतरल्यापासून किती तासांनी सुरू झालं, कोणत्या प्रकारचं आहे (पुढे-मागे, डावी-उजवीकडे की वर-खाली), गाडीत काय होतं, आधी मायग्रेन होता का, कोणती औषधं घेतलीत. ‘चक्कर येते’ एवढंच म्हणू नका. त्या शब्दावर बहुतेकदा गरगरण्याची गोळी मिळते.

दोन आठवडे रोज सकाळी, दुपारी आणि रात्री त्रासाला ० ते १० मधला आकडा द्या आणि समोर झोप, प्रवास, स्क्रीन आणि पाळी यांची नोंद ठेवा. अशी वही कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त बोलते.

८. एमआरआय, कानाची तपासणी, सगळं नॉर्मल आलं. म्हणजे मला काहीच झालेलं नाही?

एमडीडीएसमध्ये रिपोर्ट नॉर्मलच असतात. ऐकण्याची चाचणी, डोळ्यांच्या हालचाली टिपणारी व्हीएनजी, एमआरआय या सगळ्या तपासण्या दुसरे आजार वगळण्यासाठी केल्या जातात. निदान होतं ते तुमच्या हकिकतीवरून. म्हणून एकदा नीट तपासण्या झाल्या की दर दोन महिन्यांनी त्याच पुन्हा करत बसण्यात अर्थ नाही. नवं लक्षण आलं तर गोष्ट वेगळी.

हा आजार नव्याने शोधलेलाही नाही. समुद्रावरून परतलेल्यांना खोली आणि सामान हलताना दिसतं, असं इंग्लंडमधले वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी १७९६ मध्येच लिहून ठेवलं होतं. महिनोन्महिने टिकणाऱ्या प्रकाराचं वर्णन ब्राउन आणि बालोह यांनी १९८७ मध्ये केलं. डॉक्टरांना नाव माहीत नसेल तर ते सांगायला संकोच करू नका.

९. चक्कर बंद करणारी गोळी घेतली, फरक पडला नाही. डोस वाढवू का?

वाढवू नका. सिनॅरिझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन ही औषधं कानाकडून येणारा गोंधळ दाबतात, आणि इथे गोंधळ कानाचा नसतो. वरून झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि मेंदूने नव्याने जुळवून घ्यायची प्रक्रिया मंदावते. जोराच्या गरगरीतसुद्धा ही औषधं पहिले दोन-तीन दिवसच द्यावीत असा रिवाज त्याचसाठी आहे. सिनॅरिझिन महिनोन्महिने चालू ठेवल्यास, विशेषतः वयस्करांमध्ये, हातापायांचा कंप आणि हालचालींत ताठरपणा येऊ शकतो. बीटाहिस्टीन सर्रास लिहून दिलं जातं, पण एमडीडीएसमध्ये ते गुणकारी असल्याचा पुरावा नाही.

१०. कानामागे लावायची पट्टी काढल्यानंतरच त्रास सुरू झाला. याचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. बोट लागू नये म्हणून कानामागे चिकटवतात ती स्कोपोलामिन या औषधाची एक पट्टी तीन दिवस चालते. लांबच्या प्रवासात लोक एकामागून एक अशा पट्ट्या लावतात. शेवटची काढल्यावर साधारण एक दिवसाने किंवा त्यानंतर चक्कर, मळमळ, डोकेदुखी आणि तोल जाणं सुरू होऊ शकतं. हे औषध थांबल्याचे परिणाम आहेत, ते काही दिवसांत उतरतात. एमडीडीएसपासून वेगळं ओळखायला दोन खुणा आहेत: इथे मळमळ ठळक असते आणि गाडीत बसून आराम मिळत नाही. तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. पट्टीला लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर एक बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. ते पाहून दवाखान्यात मेंदूच्या स्कॅनची धावपळ होते, म्हणून पट्टीचा उल्लेख आधीच करा.

११. पहिल्या महिन्यात घरी काय करू?

चाला. दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत, टणक जमिनीवर, पातळ आणि घट्ट तळाचे बूट घालून. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटांपासून सुरुवात करा. नजर पायांकडे नको, लांबच्या स्थिर वस्तूवर ठेवा. मऊ गाद्यांसारखे तळ असलेले बूट, जाड गालिचा, वाळू या सगळ्यात पायांकडून येणारा संदेश बोथट होतो.

झोपाळा, डुलणारी खुर्ची आणि गाडीतून विनाकारण फेरफटका यांचा मोह फार होतो, कारण बसल्याबसल्या आराम पडतो. तो आराम उधारीचा असतो. पहिल्या महिन्यात शरीराला स्थिर जमिनीची सवय लावायची आहे, हलत्याची नव्हे. अगदी असह्य झालं तर दहा मिनिटं ठीक, रोजचा नेम नको.

आंघोळीला बसून घ्या, डोकं धुताना डोळे मिटत असाल तर एक हात भिंतीला टेकवा. संडासच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवा. शिडी, स्टूल, गच्चीचा कठडा यांपासून काही दिवस लांब राहा. झोप अपुरी पडली की दुसऱ्या दिवशी हमखास त्रासाचा आकडा (प्रश्न ७) चढतो, तेव्हा झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेलीच ठेवा. दारू या काळात नकोच.

१२. तोलाचे व्यायाम केल्याने जातं का?

डुलणं थेट जातंच असं नाही, पण तोल आणि चालण्यातला आत्मविश्वास सुधारतो आणि भीतीने आखडून चालण्याची सवय लागत नाही. त्यासाठी एवढं करता येईल. खोलीच्या कोपऱ्यात पाठ कोपऱ्याकडे करून उभे राहा, समोर जड खुर्ची ठेवा. पाय जुळवून डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, मग तेच डोळे मिटून. जमलं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून ३० सेकंद. प्रत्येक प्रकार तीनदा, दिवसातून दोन वेळा. त्रासाचा आकडा दोनपेक्षा जास्त वाढला आणि अर्ध्या तासात खाली आला नाही, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

नेहमी होणारी चूक म्हणजे हलत्या फळीवर किंवा फुगीर चेंडूवर उभं राहून ‘जोरदार’ व्यायाम करणं. इतर चक्करींमध्ये तो चालतो, इथे बहुतेकदा महाग पडतो. फिजिओथेरपिस्टला निदानाचं नाव आधी सांगा.

१३. महिना उलटला. आता डॉक्टर कोणती औषधं देतात?

मेंदूची अतिसंवेदनशीलता शांत करणारी. क्लोनाझेपाम अगदी कमी मात्रेत, सहसा पाव ते अर्धा मिलिग्रॅमपासून, बऱ्याच जणांना आराम देतं, पण ते मूळ दुरुस्त करत नाही आणि त्याची सवय लागते. किती आठवडे घ्यायचं हे सुरू करतानाच ठरवून घ्या आणि मनाने एकदम बंद कधीही करू नका, झटके येऊ शकतात. व्हेनलाफॅक्सिन किंवा एसएसआरआय गटातली औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्याच आठवड्यात ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे खूप. मायग्रेन असलेल्यांना मायग्रेन रोखणारी औषधं आणि दिनक्रम यांनी फायदा झाल्याचं दिसलं आहे. व्हेनलाफॅक्सिन आणि एसएसआरआय ही नैराश्याची औषधं आहेत म्हणून डॉक्टरांना तुमचा त्रास मानसिक वाटतो, असा अर्थ काढू नका.

१४. हलत्या पट्ट्यांचा उपचार काय आहे? फोनवर तसे व्हिडिओ आहेत, ते बघू का?

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयात मिंगजिया दाई आणि बर्नार्ड कोहेन यांच्या गटाने ही पद्धत विकसित केली आणि २०१४ मध्ये मांडली. रुग्णाला संपूर्ण नजर व्यापणाऱ्या, हळूहळू एका दिशेने सरकणाऱ्या उभ्या पट्ट्या दाखवतात. त्याच वेळी त्याचं डोकं एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे, त्याच्या डुलण्याच्या गतीने, झुकवत राहतात. काही मिनिटांची सत्रं दिवसातून अनेकदा, चार-पाच दिवस. पहिल्या २४ रुग्णांपैकी १७ जणांना पूर्ण किंवा बराच आराम पडला आणि तो सरासरी वर्षभर टिकला.

यात सगळं अवलंबून असतं ते दिशा आणि गतीवर. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावून शरीर कुठे वळतं ते बघतात आणि त्यावरून पट्ट्यांची दिशा ठरवतात. दिशा चुकली तर त्रास वाढतो. फोनचा पडदा नजर व्यापत नाही, डोकं झुकवण्याचा ताल कुणी मोजत नाही. त्यामुळे घरगुती व्हिडिओवर प्रयोग करू नका. आणखी एक अडचण म्हणजे उपचार घेऊन लांबचा विमान किंवा गाडीचा प्रवास करत घरी परतताना काही जणांचा त्रास उलटतो. शक्य असेल तर जवळच्या केंद्रात जा किंवा परतीच्या आधी दोन-तीन दिवस तिथेच थांबा.

१५. गाडी चालवू शकतो का? विमानाने जाऊ का?

गाडी चालवताना बहुतेकांना बरं वाटतं, पण ते परवानगीपत्र नव्हे. झोप आणणारी औषधं चालू असतील तर चालवू नका. गाडी लावल्यावर लगेच उतरू नका, पाच मिनिटं बसा. उतरताना दार धरा, कारण उलटलेला झोका तेव्हाच सर्वात मोठा असतो. लांबच्या रस्त्यात तासाभराने थांबून दहा मिनिटं पायी फिरा.

विमानाची मनाई नाही, मात्र महिन्याच्या आत टाळता आलं तर टाळा. जायचंच असेल तर पंखांच्या जवळची जागा घ्या, तिथे हेलकावे कमी. अधूनमधून चाला. उड्डाणापुरती कमी मात्रेची क्लोनाझेपामसारखी गोळी काही डॉक्टर देतात, ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

१६. बायकांनाच जास्त होतं का? पाळीच्या वेळी वाढतं.

चिवट प्रकाराच्या रुग्णांमध्ये बायकांची संख्या खूप जास्त आहे, त्यातही तिशी ते पन्नाशीतल्या. मायग्रेनशी असलेलं नातं आणि हार्मोन्सचे चढउतार ही कारणं मानली जातात. पाळीच्या आधी आकडा चढणं नेहमीचं आहे, ते आजार बळावल्याचं चिन्ह नाही. वहीत (प्रश्न ७) तशी खूण करा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर प्रश्न १३ मधली औषधं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

१७. प्रवासात स्कूबा डायव्हिंग केलं होतं. तरीही हे एमडीडीएसच समजायचं का?

नाही. पाण्यातून वर आल्यावर काही तासांत चक्कर, उलट्या, कानात घुमणं किंवा ऐकू कमी येणं सुरू झालं, तर आतल्या कानाला डिकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना दाब कमी होऊन शरीरात तयार होणाऱ्या बुडबुड्यांचा, फटका बसलेला असू शकतो. शुद्ध ऑक्सिजन लावून दाबाच्या कक्षात उपचार लागतात, आणि उशीर झाला तर कान कायमचा जाऊ शकतो. दरम्यान विमानात बसू नका. खोकला, शिंक किंवा नाक शिंकरताना चक्कर येत असेल, तर आतल्या कानाची नाजूक पडदी फाटून द्रव झिरपत असल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी तोल सांभाळण्याचे व्यायाम थांबवा, जड उचलू नका आणि लगेच दाखवा.

१८. मी जहाजावर कधी गेलोच नाही. लांबच्या रेल्वे प्रवासानंतर सुरू झालं.

तरीही हे होऊ शकतं. लांबचं उड्डाण, रेल्वे, बस, पाण्याची गादी, आभासी वास्तवाचा हेडसेट, सगळ्यांनंतर असं झालेलं आहे. निकष तेच (प्रश्न २). काही जणांमध्ये कोणताही प्रवास न होता, ताणाच्या किंवा आजारपणाच्या काळानंतर तसंच डुलणं सुरू होतं. गाडीत आराम पडण्याची खूण तिथेही सापडू शकते, पण तेव्हा दुसरे आजार जास्त काटेकोरपणे वगळावे लागतात.

१९. मला डुलल्यासारखं नाही वाटत. एका बाजूला कुणीतरी ओढतंय, किंवा पायाखाली गादी आहे, असं वाटतं.

तेही याच आजारात बसतं. काहींना मागे किंवा एका कुशीला खेचल्यासारखं, काहींना स्प्रिंगवर चालल्यासारखं वाटतं. ओढ नेहमी एकाच बाजूला असेल आणि इतरांनाही तुम्ही त्या बाजूला झुकलेले दिसत असाल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आधी. डोकं जड वाटणं, लक्ष न लागणं, शब्द न आठवणं, थकवा यांची तक्रारही बरेच जण करतात. दुकानातल्या सामानाच्या रांगा, झरझर वर जाणारा फोनचा पडदा हेही सोसत नाही. पडद्यावर वीस मिनिटं काम, मग दोन मिनिटं खिडकीबाहेर लांब बघणं, आणि बोटाने सरकवण्याऐवजी पान बदलत वाचणं, याने बराच फरक पडतो.

२०. पूर्ण बरं होतं का? पुन्हा समुद्रावर जाता येईल?

बऱ्याच जणांचं पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात जातं. जितकं लांबेल तितकी आपोआप जाण्याची शक्यता घटते, पण वर्षानंतरही बरे झालेले आहेत. एकदा झालेल्याला पुढच्या प्रवासानंतर पुन्हा होऊ शकतं आणि दुसरी खेप पहिलीपेक्षा लांबू शकते. म्हणून पूर्ण बरं वाटल्यानंतरही काही महिने मुद्दाम लांबची समुद्रयात्रा नको.

जायचंच असेल तर दिवस कमी ठेवा, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, दिवसातला बराच वेळ डेकवर क्षितिज दिसेल असा काढा, आणि बंदर आलं की प्रत्येक वेळी उतरून पायी फिरा. शेवटच्या दिवशी धक्क्यावरून थेट विमानतळ किंवा लांबची गाडी असा बेत आखू नका, एक रात्र जमिनीवर काढा.

२१. माझी नोकरीच जहाजावर आहे. कामावर असताना काहीच होत नाही, रजेवर घरी आलो की महिनाभर हाल होतात.

जहाजावर बरं वाटणं हे याच आजाराचं रूप आहे (प्रश्न ५), तुम्ही बरे झालात असा त्याचा अर्थ नाही. जहाजावरची नेमणूक लांब आणि रजा तोकडी असेल तर मेंदूला जमिनीची सवय व्हायच्या आधीच पुढचा प्रवास सुरू होतो. कंपनीच्या डॉक्टरांकडे निदानाची नोंद करून घ्या आणि जहाजावरचे दिवस व रजेचे दिवस यांचं प्रमाण बदलून मिळतं का ते बघा. रजेच्या पहिल्या आठवड्यात उंचावरची दुरुस्ती, मोटरसायकल, विहिरीत किंवा अंधारात पोहणं टाळा. पाण्याखाली डोळे मिटलेले असताना वर कुठे आणि खाली कुठे हा अंदाज चुकतो. रजा संपत आल्यावर त्रास आपोआप कमी होतोय की रुजू झाल्यावरच, याची तारीखवार नोंद ठेवा. किनाऱ्यावरची बदली मागायची वेळ आली तर तीच कामी येते.